सतरा नंबरखालची मोकळी जमीन

२ मार्च

प्रयोगशाळेत कामाची वही आहेच. तिच्यात काय घातलं, किती घातलं, काय झालं एवढंच लिहायचं असतं. 'आज मन लागलं नाही' असं लिहिलं तर संचालक शेजारी प्रश्नचिन्ह काढतात. म्हणून ही दुसरी वही, घरी ठेवायची.

आज ताईकडे गेले होते. तिच्या हातांकडे बघवत नाही. तणनाशक फवारून फवारून तळव्यांची सालं निघाली आहेत आणि बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या आहेत. डॉक्टरांनी ते औषध पूर्ण बंद करायला सांगितलंय. ते बंद केलं तर तण हाताने उपटायला हवं, आणि गुडघे आधीच संपावर गेलेत. रोपवाटिका म्हणजे रोपं लावण्याचं काम थोडं आणि तण काढण्याचं फार. भावजी गेल्यापासून ती एकटीच सगळं ओढते आहे. हातमोजे घाल म्हणून किती वेळा सांगितलं होतं, असं मी तिला चांगलं सुनावलं. ती नेहमीसारखी गप्प बसली आणि चहा ठेवला. ताई माझ्याहून बरीच मोठी, पण आमच्या घरात रागवायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

परत येताना सारखा सतरा नंबर डोक्यात होता. गेल्या हिवाळ्यात वाळवंटातून आणलेल्या झुडपांतलं हे सतरावं. गुबगुबीत पानं, लालसर देठ, दिसायला काही खास नाही. खास आहे ती त्याच्या खालची जमीन. आजूबाजूला विरळ का होईना गवत होतं, पण प्रत्येक सतरा नंबरखाली गोल मोकळी जमीन, कुणी झाडून काढल्यासारखी. मी तिथेच उकिडवी बसले आणि म्हटलं, हा शेजाऱ्याला जगू देत नाही. अशी माणसं मला माहीत आहेत. पण झाडाचा असा स्वभाव असला तर त्यातून काहीतरी कामाचं निघतं.


९ मार्च

निघालं!

सतरा नंबरची पानं वाळवून दळली, पाण्यात भिजवून गाळली आणि तो अर्क मंद आचेवर आटवून दाट केला. काटेमाठ या तणाचं बी ओल्या कागदावर पसरलं. अर्ध्या बशांना साधं शुद्ध पाणी, अर्ध्यांना अर्क. पाण्यातलं बी सगळं फुटलं, कापसासारखी पांढरी मुळं बशीभर पसरली. अर्कातलं एकही नाही. बी जसंच्या तसं, जणू आताच पुडीतून काढलंय.

तुलनेच्या पाण्यात काही दोष असता कामा नये म्हणून मी दर सोमवारी ते क्षार मोजायच्या मीटरने तपासते. त्या मीटरवर माझ्या हातची चिठ्ठी आहे: 'फक्त शुद्ध पाण्यासाठी. दुसऱ्या कशात बुडवलात तर गाठ माझ्याशी आहे.' चिकट अर्कात बुडवून मदतीला असलेल्या पोरांनी आधीचं मीटर वाया घालवलं होतं. तेव्हापासून कुणाची हिंमत नाही. कामात शिस्त लागते, ती कुणीतरी लावावी लागते.


१२ मार्च

व्हरांड्यापलीकडच्या खोलीत बुरशीवाले बसतात. पोरं त्यांना बुरशीकाका म्हणतात. मी तोंडावर 'सर' म्हणते. त्यांना सतरा नंबरचा दुसरा अर्क दिला होता, अल्कोहोलमध्ये काढलेला. पाण्यातला तणासाठी, अल्कोहोलमधला जंतू-बुरशीसाठी, अशी आमची वाटणी आहे. लिंबाच्या खोडाला डिंक्या रोग होतो, त्याची बुरशी त्यांनी बशीत वाढवली आणि मधोमध आमच्या अर्काचा थेंब पडलेला कागद ठेवला. कागदाभोवती स्वच्छ कडं. बुरशी तिथे फिरकलीसुद्धा नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. ते बशी घेऊन स्वतः आले. मग उभ्या उभ्या माझे फ्लास्क धुऊन दिले, न सांगता. बी रुजवायच्या माझ्या उबदार कपाटाच्या वरच्या कप्प्यावर त्यांचा डोळा आहे, हे मला केव्हाच कळलंय. देणार नाही.


१८ मार्च

ताईचं जुनं लिंबाचं झाड गेल्यात जमा आहे. डिंक्याच. खोडावरून डिंक ओघळलाय, साल हाताने सोलली जाते. तिची सगळी लिंबाची रोपं आजवर याच झाडाच्या बियांपासून. पातळ सालीचं, रसाला फुटेल असं फळ. लोक लांबून येऊन 'त्या' झाडाचं रोप मागतात. कलम बांधायला हिरवी काडी शोधली, एकही फांदी तेवढी जिवंत नाही. शेवटची फळं उतरवून तिने बी काढलंय. लिंबाचं बी वाळवून ठेवता येत नाही, ओलं असतानाच पेरावं लागतं. म्हणजे या वेळचा वाफा हाच काय तो. साधला तर झाड राहिलं, नाहीतर संपलं.

मी म्हटलं, मग याच वाफ्यावर सतरा नंबर घालू. बी नाजूक, रोप वर यायला वेळ घेतं, तोवर तण त्याला गिळून टाकतं. आणि तुला खुरपायला बसता येत नाही.

ताई म्हणाली, "धाकटे, आधी तिकडच्या रिकाम्या कोपऱ्यात टाकून बघायचं का?"

मला रागच आला. दोन आठवडे बशा तपासते आहे मी, ती काय गंमत म्हणून? बाटलीतलं विष डोळे मिटून फवारलं तेव्हा कुठला कोपरा बघितला होता तिने? असं बरंच बोलले. शेवटी ती म्हणाली, "बरं बाई, तू म्हणशील तसं." एवढं आधीच म्हणाली असती तर माझा घसा वाचला असता.


२४ मार्च

अर्काचे कॅन गाडीत घालून ताईकडे पोचवले. बी पेरून झालं होतं. पहिल्या ओळीला मी स्वतः झारीने घालून दाखवलं आणि बाकीचं तिच्यावर सोपवलं. बजावून सांगितलं: प्रत्येक ओळीला एक भरलेली झारी, कमी नाही, जास्त नाही, एकही ओळ सोडायची नाही, दर आठवड्याला. तिने मान डोलावली. माप चुकलं तर मला दोष देऊ नकोस, हेही सांगून ठेवलं.

घरी येईपर्यंत गुणगुणत होते. शेजारीण म्हणाली, आज स्वारी खुशीत.


५ एप्रिल

आज सापडलं!

अर्काच्या बाटलीच्या तोंडाशी पांढरी खपली धरली होती. नीट पाहिलं तर स्फटिक. खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. चौकोनी, स्वच्छ, लखलखीत, लहान मुलांच्या खेळातल्या ठोकळ्यांसारखे. निसर्ग सहजासहजी असा शुद्ध पदार्थ हातात देत नाही. लोक आयुष्यभर गाळत बसतात आणि माझ्या बाटलीच्या तोंडाशी तो आपणहून येऊन बसला! तण रोखणारं द्रव्य हेच असणार. थोडे कुपीत भरून रसायन विभागाकडे पाठवले.

न राहवून बुरशीवाल्यांना बोलावलं. ते बराच वेळ भिंगात बघत राहिले. मग म्हणाले, "सुंदर आहेत. ओळखीचे वाटतात."

ओळखीचे म्हणे. दुसऱ्याच्या पदरात काही पडलं की लोकांना ते आधीपासून ओळखीचं वाटू लागतं. त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती. वाईट वाटलं.


११ एप्रिल

ताईला फोन केला. तणाचं काय, विचारलं. म्हणाली, "काही नाही गं. गवताचं पातंसुद्धा नाही."

आणि लिंबू? "त्याला वेळ लागतो." आवाज बसल्यासारखा वाटला. सर्दी झाली असेल. उन्हात टोपी घालत नाही, किती सांगायचं.


१९ एप्रिल

न कळवता रोपवाटिकेत गेले. ताई फाटकातच भेटली. हातांच्या भेगा भरून येतायत, ते बघून जीव भांड्यात पडला. वाफा बघू म्हटलं तर म्हणाली, तिकडे नुकतंच पाणी सोडलंय, चिखल आहे, तुझे जोडे खराब होतील. मग फाटकाजवळच्या सावलीत खुर्च्या टाकल्या, चहा झाला. मी दोनदा उठले, दोन्ही वेळा तिला काहीतरी विचारायचं आठवलं. एकदा पडद्यांना कुठला रंग घ्यावा आणि एकदा माझ्या दाढेचं काय झालं. दाढ मागच्या वर्षीच काढली.

म्हातारपण माणसाला विसरभोळं करतं. पण माझ्या जोड्यांची काळजी करणारी तीच एक आहे.


२५ एप्रिल

संचालकांनी बोलावून घेतलं. पुढच्या महिन्यात रोपवाटिकावाल्यांची सभा आहे, तिथे मी सतरा नंबरवर बोलायचं. ताईच्या वाफ्याचं त्यांना सांगितलं: प्रत्यक्ष जमिनीवर गवताचं पातंही नाही. ते इतके खूश झाले की त्यांनी मला स्वतःच्या कपाटातली बिस्किटं दिली. ही बिस्किटं आजवर कुणी पाहिली नव्हती, नुसती ऐकून होतो.

बातमी बुरशीवाल्यांना सांगितली. त्यांनी अभिनंदन केलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "सभेच्या आधी एकदा तुलनेच्या पाण्यात मीठ घालून बघाल का? अर्काइतकंच."

मी म्हटलं, का?

"सहज. वाळवंटातलं झाड आहे."

झालं, लागले मिठाचा खडा टाकायला. इतके दिवस काही नाही आणि आता सभा आली तर फाटे फुटायला लागले. मी म्हटलं, तुम्ही तुमची बुरशी सांभाळा, मी माझं पाणी सांभाळते, आणि ते मी दर सोमवारी तपासते. त्यांनी 'बरं' म्हटलं आणि गेले. फ्लास्क तसेच राहिले आहेत. आज पहिल्यांदा मी स्वतः धुतले. कंटाळवाणं काम आहे.


३ मे

रसायन विभागातून फोन आला. एक तरुण मुलगी होती, फार अदबीने बोलत होती. आधी तिने विचारलं की कुपी पाठवताना काही अदलाबदल झाली का. म्हटलं, शक्य नाही. मग म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे खोलीत चहा-नाश्ता होतो का?" मी म्हटलं, माझ्या खोलीत पाण्याची बाटलीसुद्धा आणू देत नाही मी. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मॅडम, हे मीठ आहे. साधं. खायचं."

फोन ठेवला. मीटरवरची चिठ्ठी काढली आणि मीटर अर्कात बुडवलं. काटा सरळ टोकाला जाऊन थांबला, पुढे जागाच नव्हती.

लिहायचं म्हणून लिहिते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल. सतरा नंबर खाऱ्या जमिनीत वाढतो. मीठ पानात साठवतो, म्हणून पानं गुबगुबीत. पानं गळून कुजली की मीठ खाली. म्हणून खालची जमीन मोकळी. त्यात कसलं गूढ द्रव्य नाही. मी पानं पाण्यात भिजवली, मीठ पाण्यात आलं. अर्क आटवला, मीठ दाट झालं. काटेमाठ मिठाने उगवला नाही. मी नुसतं पाणी किती शुद्ध आहे तेवढंच बघत बसले. अर्कात काय आहे ते बघायचं साधन हाताशी होतं, आणि त्यात ते बुडवायला मीच सगळ्यांना बंदी केली होती.

आणि हे सगळं लिहिताना एकच वाक्य टाळते आहे. लिंबाइतकं मिठाला नाजूक झाड दुसरं शोधून सापडणार नाही. ताई गेले सहा आठवडे ते वाफ्यावर घालते आहे.

उद्या सकाळी पहिल्यांदा तिकडे.


४ मे

ताई फाटकात आली. आज तिला काही विचारायचं सुचू दिलं नाही, सरळ मागे चालत गेले. ती मागून 'अगं, अगं' करत लंगडत आली.

वाफा उघडा पडला होता. एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत नुसती माती, कडेने पांढरट पापुद्रा धरलेली. गवताचं पातं नव्हतं, हे तिने खरं सांगितलं होतं. काहीच नव्हतं. पलीकडे लिंबाचं झाड वाळून उभं होतं.

मी पापुद्रा खरवडून जिभेला लावला. प्रयोगशाळेत काहीही चाखायचं नाही, हा नियमही माझाच. खारट.

ताई माझ्याकडे न बघता बोलायला लागली. तिला वाटत होतं, माप तिचंच चुकलं. झारी जुनी, थोडी गळकी, त्यामुळे कधी ती पुन्हा भरायची, कुठे जास्त पडलं असेल, कुठे दोनदा. बी उगवेना तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांतच तिच्या लक्षात आलं होतं. तरी अर्क घालत राहिली, कारण मी सांगितलं होतं की मध्येच सोडायचं नाही. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? त्या दिवशी चिखल आहे म्हणून का बसवून ठेवलंस?

"तू ओरडशील म्हणून," ती म्हणाली.

सत्तरीला आलेली बाई. मला लहानपणी कडेवर घेऊन फिरलेली. स्वतःचं झाड मेलं, बी मेलं, ते सगळं पोटात ठेवून फाटकात खुर्च्या मांडून बसली, कारण मी ओरडेन. म्हटलं, "माप बरोबर होतं तुझं. माझा अर्कच चुकला. त्यात मीठ होतं."

"तुझा?" तिने असं विचारलं, जणू मी भलत्याच कुणाचं नाव घेतलं. मग मला रडू आलं आणि ती 'असू दे, असू दे' म्हणत पाठीवरून हात फिरवत राहिली. त्याने आणखीच आलं.

जरा वेळाने तोंड धुवायला नळाकडे जायला निघाले तर ती आडवी आली. "तिकडून नको जाऊस. तिकडे फार घाण आहे." वाफ्याचा तो शेवटचा तुकडा, विहिरीकडचा. पोत्यांनी अर्धा झाकलेला. मी पोतं बाजूला केलं. खाली गुडघाभर तण माजलं होतं. काटेमाठ, लव्हाळा, नावं माहीत नसलेली दहा जातींची गर्दी.

ताईचा चेहरा पडला. "एवढ्या ओळींना मी घातलंच नाही बघ. झारी घेऊन इथवर यायलाच व्हायचं नाही, गुडघा धरायचा. पहिल्या आठवड्यात राहिलं, मग दर वेळी राहिलं. तू एकही ओळ सोडू नको म्हणाली होतीस. म्हणून झाकून ठेवलं."

मी खाली बसले. तण दोन्ही हातांनी बाजूला केलं आणि मातीजवळ एक पान खुडलं, लहानसं, जाडसर, चकचकीत. बोटात चुरडलं.

लिंबाचा वास आला. पातळ सालीच्या त्या लिंबाचा.

ताईच्या नाकाशी बोट धरलं. तिने वास घेतला. पदर खोचला, गुडघ्याला हात लावत माझ्याशेजारी बसली आणि तण उपटायला लागली. दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो. किती रोपं आहेत ते मोजू नको, दृष्ट लागेल म्हणाली. मोजली नाहीत. पुरेशी आहेत.

माझ्या हाताला फोड आलेत. पेन नीट धरवत नाही.


५ मे

बुरशीवाल्यांच्या खोलीत गेले. आधी माफी मागायची होती, पण मला त्याची सवय नाही, म्हणून आधी म्हटलं की मीठ होतं. ते म्हणाले, "हो." मग कपाटातून एक बशी काढली, नंतर आणखी एक. डिंक्याच्या बुरशीवर त्यांनी मिठाचं पाणी घालून पाहिलं होतं, आमच्या पाण्यातल्या अर्काइतकं खारट. आणि शेजारी अल्कोहोलमधला अर्क. मिठाने बुरशी फारशी हलली नाही. अल्कोहोलमधल्या अर्काभोवती कडं तसंच स्वच्छ. मीठ दाट अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, म्हणून त्या अर्कात ते आलंच नव्हतं. तणाचं सगळं खोटं निघालं, पण बुरशीचं खरं होतं.

विचारलं, हे कधी केलं? म्हणाले, एप्रिलमध्येच, स्फटिक पाहिल्यावर. मग सांगितलं का नाही?

"सांगायला दोनदा आलो होतो. तुम्ही कामात होतात."

मी कामात नव्हते. मी डाफरत होते. हे त्यांच्या तोंडावर म्हटलं, तेव्हा ते हसले आणि म्हणाले की फरक कळायला त्यांनाही थोडी वर्षं लागली. मग माफी मागून टाकली. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. वरचा कप्पा रिकामा करून देते म्हटलं, तर गोंधळून म्हणाले, "कुठला कप्पा?"


१६ मे

सभा. उभी राहिले, तणाच्या अर्कात मीठ होतं म्हणून सांगितलं, ते कसं कळलं ते सांगितलं, असा अर्क कुणी वाफ्यात घालू नका म्हटलं आणि बसले. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डिंक्याबद्दल विचारलं, त्याचं उत्तर बुरशीवाल्यांनी दिलं, पण 'मॅडमच्या अर्काने' असं प्रत्येक वाक्यात म्हणाले. संचालकांनी परतीच्या वाटेवर एक शब्द काढला नाही. बिस्किटांचा विषय संपला म्हणायचा.

मीटरवर आता चिठ्ठी नाही. पोरांनी पहिल्याच दिवशी ते चहात बुडवून पाहिलं. मी पुसून ठेवलं.


८ जून

ताईच्या वाफ्याचं खारट टोक भरपूर पाणी सोडून सोडून धुतलं आहे. या वर्षी तिथे काही लावायचं नाही असं तिने ठरवलंय, आणि मी त्यावर मत दिलेलं नाही.

आज विहिरीकडच्या ओळींतलं तण काढायला आम्ही तिघं होतो. बुरशीवाले ऑफिसचे बूट घालून आले आणि चिखलात रुतले. हे कशाला आलेत गं, ताईने हळूच विचारलं. म्हटलं, मुळाजवळच्या मातीचा नमुना घ्यायला. ताई म्हणाली, नमुना चिमूटभर लागतो ना, मग सकाळपासून काय करतायत? आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. यात हसण्यासारखं काय होतं ते तिने सांगितलं नाही.

बुरशीवरचा अर्क, अल्कोहोल उडवून पाण्यात कालवलेला, रोपांच्या मुळाशी घालून बघायचा आहे. मीटर बरोबर नेलं होतं, त्यात बुडवून ताईला काटा दाखवला. तिने तो चष्मा लावून पाहिला. मग स्वतः उठून दोन कुंड्या निवडून आणल्या, सगळ्यांत किरकोळ रोपांच्या, आणि माझ्यासमोर ठेवल्या. "या दोनच. यांचं काय होतं ते बघून मग पुढचं. आणि मला विचारल्याशिवाय माझ्या वाफ्यात एक थेंब पडता कामा नये."

म्हटलं, बरं.

दुपारी ऊन वर आलं होतं. लव्हाळ्याचा एक झुपका उपटला आणि मागे टाकला, तेवढ्यात ताईने माझं मनगट धरलं. मुळांत अडकून एक लिंबाचं रोप आलं होतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"डोळे कुठे आहेत तुझे?" ताई म्हणाली. आवाज चांगला चढला होता, बुरशीवाल्यांनीही मान वर केली. "कधीची बघते आहे, मेलीचा नुसता हात चालतोय. एवढं शिकून लिंबू नि गवत कळत नाही? ऊठ. ऊठ तिथून. सावलीत जाऊन बस, मी करते."

जन्मात पहिल्यांदा ती माझ्यावर ओरडली. रोप तिने दोन बोटांनी उचललं, पुन्हा मातीत बसवलं, भोवती ओंजळीने पाणी घातलं, आणि माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही.

मी गप्प बसले आणि चहा ठेवला.